थोरलीला एवढ्यात मोठी करू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही डिचोलीला राहतो, एकत्र कुटुंब आहे. माझी मुलगी, घरात सगळे तिला बायच म्हणतात, 11 महिन्यांची झाली आणि मला पाचवा महिना संपत आलाय. ठरवून झालेलं नाही, पण बाळ आम्हा दोघांनाही हवंय. पहिल्या वेळी सिझेरियन झालं होतं. तर गेल्या आठवड्यात बाय बलकावातल्या, म्हणजे घरापुढच्या पडवीतल्या, बसायच्या सोप्याला धरून उभी होती, समोरून मांजर गेलं तसे तिने दोन्ही हात सोडले आणि चांगली चार-पाच सेकंद तशीच उभी राहिली, मग धपकन बसली आणि माझ्याकडे बघून हसली. मी टाळ्या वाजवल्या, मिस्टरांना फोन करून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर मला रडूच आलं. वाटलं, हिला नीट बघायला आता चारच महिने उरलेत, मग दुसरं येणार. आणि दुसऱ्याचं तर मी काहीच कौतुक करत नाही, पहिल्या वेळी सोनोग्राफीचा प्रत्येक फोटो जपून ठेवला होता, सातव्यात फुलं माळली होती, आता कितवा आठवडा चाललाय ते पण डॉक्टरांनी विचारलं की मोजावं लागतं. पुढच्या महिन्यात बायचा पहिला वाढदिवस. सासूबाई म्हणतात आई गरोदर असताना जावळ काढत नाहीत, आणि वाढदिवस पण मोठा नको, दृष्ट लागते, पुढच्या वर्षी दोघांचं मिळून करू. शेजारच्या काकी म्हणतात अंगावरचं दूध आजच तोड, ते आता पोटातल्या बाळाचं, हिला बाधेल. नणंदेने वॉकर आणून दिलाय, म्हणजे डिलिव्हरीच्या आधी चालायला लागेल. आणि जो येतो तो बायला म्हणतो, आता तू ताई होणार, मोठी झालीस. मला काहीच सुचत नाही. — एक आई, डिचोली

उत्तर : वाढदिवस कर. ह्याच वर्षी कर आणि तिच्या एकटीचा कर, ते सगळ्यात आधी सांगते आणि मग बाकीचं बोलू.

अगं, 11 महिन्यांचं मूल तान्हंच असतं, आणि पोटात दुसरं आहे म्हणून ते एक दिवसही लवकर मोठं होत नाही. पण आपल्याकडे सुनेला परत दिवस गेले की पहिल्याकडे बघायची सगळ्यांची नजरच बदलते, काल जिला काऊ-चिऊ दाखवून घास भरवत होते तिला आज ताई म्हणायला लागतात, रडली की 'शहाण्या मुली असं करतात का', कडेवर यायला बघितलं की 'आता चालायचं हं'. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, मला माहीत आहे. पण मी बरीच वर्षं अंगणवाडीत आणि नंतर आयांच्या गटात काम केलंय आणि मला ह्या गोष्टीचा खरंच त्रास होतो, कारण दीड वर्षाचं मूल पाळण्याशेजारी उभं असतं आणि घरातला प्रत्येक जण त्याच्याकडून तीन वर्षांच्या मुलाचा शहाणपणा मागत असतो. आईही नकळत तेच धरून बसते. तुझं रडू मला तिथूनच आल्यासारखं वाटतं. तिने हात सोडले आणि तू मनात महिने मोजायला लागलीस. तर ते मोजणं थांबव. चार महिन्यांनी तिचं लहानपण संपणार नाहीये, तेव्हाही ती सव्वा-दीड वर्षांचीच असेल, तिचा पहिला शब्द, पहिली पावलं, स्वतःच्या हाताने खाल्लेली पहिली पोळी ह्यातलं बरंचसं बाळ आल्यानंतर होणार आहे आणि ते तुझ्यासमोरच होणार आहे.

जावळाचं म्हणशील तर तिथे सासूबाईंशी वाद घालू नकोस. आई गरोदर असताना जावळ न काढायची रीत खूप घरांत आहे, आणि ग्रंथांतसुद्धा हा संस्कार पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी सांगितलेला आहे, म्हणजे बाय दोन वर्षांची झाली की तिसरं वर्ष लागलंच, तेव्हा कुलदेवाच्या दारी जाऊन निवांत करा. केस उशिरा काढल्याने मुलीचं काही बिघडत नाही. पण ही रीत जावळाची आहे, वाढदिवसाची नाही, आणि हा फरक सासूबाईंना सांगायचं काम तुझ्या नवऱ्याचं. दृष्टीची भीती त्यांना खरंच वाटत असेल तर त्यांच्याच हाताने मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढू दे, फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत एवढं मान्य कर, आणि घरातली नि शेजारची माणसं बोलावून औक्षण, गोडाचं जेवण, हवा असेल तर केक, बस झालं. हॉल नको. पाचव्या-सहाव्या महिन्यात तुला पन्नास माणसांच्या मागे उभं राहायचं नाहीये. एकच अट घाल, त्या दिवशी 'छोटी ताई' लिहिलेला फ्रॉक नको आणि येणाऱ्या बाळाचे विषय नकोत.

आता दूध. काकींना सांग, हे दूध बाधत नाही. गरोदरपण सुरळीत असेल तर अंगावर पाजत राहायला हरकत नसते. रक्तस्राव, आधी कधी वेळेपूर्वी झालेलं बाळंतपण, पोटात सारख्या कळा, असं काही असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नकोस, कारण पाजताना गर्भाशय थोडं आवळतं. पण साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून दूध आपोआप कमी होतं, चव बदलते, पुढे चीकदूध यायला लागतं, आणि काही मुलं तोंड फिरवून स्वतःहूनच सोडतात. तुझ्या बायने सोडलं तर मन लावून घेऊ नकोस. लक्ष ठेवायचं ते तिच्या वजनावर, कारण दूध कमी झालं की पोटात दुसरं काहीतरी पुरेसं जायला हवं, आणि आपल्या गोव्यात एक घोटाळा हमखास होतो, मुलाला वाटीभर पातळ पेज देतात, पोट फुगतं, मूल झोपतं, आणि अंगाला काही लागत नाही. उकड्या तांदळाची पेज चांगलीच, पण निवळ देऊ नका, शीत कुस्करून चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट करा, वर तूप घाला, त्यात मुगाची डाळ, अंडं, तुम्ही खात असाल तर काटे नीट काढलेला मासा. ह्या वयात दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ लागतो. वर्ष पूर्ण झालं की गाईचं दूध कपाने देता येतं. आणि तोडायचंच असेल तर आत्ता, हळूहळू, एकेक वेळ कमी करत तोड, शेवटच्या महिन्यात नको. तीच गोष्ट झोपायच्या जागेची. बाय तुझ्या कुशीत झोपत असेल आणि पुढे आजीकडे झोपवायचं असेल तर तो बदल आत्ता कर, नाहीतर बाळ आलं आणि आपल्याला बाहेर काढलं एवढंच तिला कळेल.

वॉकर परत कर. नणंदेला वाईट वाटेल, पण सांग की मी म्हणाले. बसायच्या वॉकरने मूल लवकर चालायला लागत नाही, उलट त्या चाकांवरून पायऱ्यांवरून पडून डोक्याला मार लागतो, कॅनडाने तर 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली, आणि तुमच्याकडे बलकाव आहे म्हणजे उतरायला पायऱ्या असणारच. लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो मूल स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं, कुणीतरी जवळ असताना चालेल. आणि घाई कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने वेगवेगळ्या देशांतल्या मुलांचं बघून जे काढलंय त्यात निरोगी मूल आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ साधारण 8 पासून 17.6 महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. काही मुलं तर रांगतच नाहीत, सरळ उभी राहतात. बायला डिलिव्हरीची तारीख माहीत नाही, तिला तिच्या वेळेने चालू दे. दीड वर्षापर्यंत चालली नाही तर डॉक्टरांना दाखव.

आता तुझं, कारण सिझेरियनचा उल्लेख सोडला तर अख्ख्या पत्रात तू स्वतःच्या तब्येतीबद्दल एक ओळ लिहिलेली नाहीस. दोन बाळंतपणांत तुझं अंतर साधारण साडेपंधरा महिन्यांचं पडतंय. एक बाळंतपण आणि पुढचा गर्भ ह्यांत निदान दोन वर्षं असावीत असं सांगतात, तेवढा वेळ तुझ्या शरीराला मिळालेला नाही. झालं ते झालं, बाळ हवंय ना, मग आता आनंदाने पण सावध राहून पुढे जायचं. पहिलं सिझेरियन होतं, तेव्हा डॉक्टरांना त्या ऑपरेशनची नक्की तारीख सांग, डिस्चार्जचा कागद दाखव, आणि ह्या वेळी डिलिव्हरी कुठे आणि कशी हे आत्ताच विचारून घे. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर कळांच्या वेळी जुन्या टाक्यांना धोका वाढतो, म्हणून जिथे रात्री-बेरात्री ऑपरेशन होऊ शकतं आणि रक्ताची सोय आहे असंच इस्पितळ हवं, बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, किंवा तशी सोय असलेलं दुसरं. टाक्यांपाशी दुखलं किंवा अंगावरून रक्त गेलं तर घरी थांबायचं नाही. लोहाची गोळी रोज, कॅल्शियम पण, दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, मध्ये निदान दोन तास जाऊ देत, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात, तिथे हिमोग्लोबिन बघून घे. बायला उचलायला सरसकट बंदी नसते, पण वाकून हिसका देऊन उचलू नकोस, आपण खाली बसायचं आणि तिला मांडीवर चढू द्यायचं. पुढच्या वेळी अंतर ठेवायचं असेल तर कॉपर-टी बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत, सिझेरियनच्या वेळीसुद्धा, बसवता येते, हेही आधीच विचारून ठेव.

आणखी एक, हे बहुतेक घरांत राहून जातं. बायचे 16 महिन्यांपासून पुढचे डोस, गोवर-रुबेलाचा दुसरा आणि बाकीचे बूस्टर, नेमके तुझ्या सव्वा महिन्यात सुरू होतात. लसीचं कार्ड आत्ताच नवऱ्याच्या हातात दे.

पोटातल्या बाळाचं कौतुक राहतंय असं म्हणतेस. राहत नाहीये गं, तू बायच्या मागे धावत असताना ते तुझ्याबरोबरच असतं, तुझा आवाज ह्या दिवसांत त्याला ऐकू यायला लागतो, आणि आत्ता तो आवाज बायशी बोलताना सगळ्यात गोड असेल. तरीपण रुखरुख लागत असेल तर सातव्या महिन्यात आईला सांगून फुलं माळून घे, दुसऱ्या खेपेला करत नाहीत असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. कुणालाच बोलवायचं नसेल तर बाजारातून अबोलीची फाती, म्हणजे गजरा, आण आणि नवऱ्याला माळायला सांग. सोनोग्राफीचा फोटो त्याच डब्यात ठेव जिथे बायचे आहेत.

पण रडू रोजचंच झालं असेल, दोन आठवडे झाले तरी कशात मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर हे बाळंतपणाचे खेळ म्हणून सोडून देऊ नकोस, तुझ्या डॉक्टरांना स्पष्ट सांग, नाहीतर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर, मोफत आहे.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून वास्कोला असतात, आम्ही पेडण्याला. नातू एक वर्ष आठ महिन्यांचा आहे आणि सुनेला पुढच्या महिन्यात दुसरं होईल. तिला आराम मिळावा म्हणून नातवाला दोन महिने आमच्याकडे आणून ठेवायचं म्हणते, सून हो म्हणते पण तिचा चेहरा उतरतो. काय करावं? — एक आजी, पेडणे

उत्तर : आजी, तुमची माया पत्रातून दिसते, आणि सुनेचा चेहरा तुम्ही बघितलात ह्याचं मला फार बरं वाटलं. नातवाला आणू नका, तुम्हीच वास्कोला जा. इतक्या लहान मुलाला दोन महिने म्हणजे किती ते कळत नाही, त्याला एवढंच कळेल की मला पाठवलं, आणि परत आलो तेव्हा माझ्या जागी दुसरं कुणीतरी होतं. तुम्ही तिकडे गेलात तर त्याचं घर, त्याचं अंथरूण, त्याचा बाबा सगळं तसंच राहतं आणि आराम सुनेला तेवढाच मिळतो. बाळंतपणाच्या निदान दोन आठवडे आधी जा, त्याला तुमच्या हातून आंघोळीची, जेवायची सवय होऊ दे. तुमच्या घरच्या अडचणीमुळे अगदीच जमत नसेल तर नातवाला आणा, पण आठ दिवसांपेक्षा जास्त नको, आणि रोज त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल.

इस्पितळातून घरी येताना बाळ तुमच्या किंवा मुलाच्या हातात असू दे, म्हणजे नातू धावत आला की सुनेचे हात त्याच्यासाठी मोकळे असतील. सिझेरियन झालं असेल तर तिला त्याला उचलू देऊ नका, तिला खाटेवर बसवा आणि त्याला तिच्या शेजारी चढवून द्या.