माल्मोला यायचंय? आधी तीन शत्रूंची एक खोली बनव

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एका आउटसोर्सिंग स्टुडिओत व्हिडिओ गेमचा टेस्टर आहेस, कॉम्बॅट डिझायनर, म्हणजे खेळातली लढाई रचणारा, व्हायचंय, घरचे शैक्षणिक कर्ज काढायला तयार आहेत, आणि स्वीडनमध्ये गेम डिझाइनची मास्टर्स केली तर माल्मो किंवा स्टॉकहोमला नोकरी लागेल का. शेवटी एक ओळ जोडली आहेस, 'ताई, मी सेकिरो दोनदा संपवलाय, ब्लडबोर्नची प्लॅटिनम ट्रॉफी आहे, कॉम्बॅट मला आतून कळतं.' (हे दोन्ही फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचे अवघड लढाईचे खेळ, आणि प्लॅटिनम म्हणजे खेळातल्या बाकी सगळ्या ट्रॉफ्या मिळवल्याची खूण.)

व्हिसा, भाडं, थंडी यावर खाली लिहिते. आधी त्या शेवटच्या ओळीबद्दल, कारण इथे स्वीडनमध्ये मुलाखतीला बसलेली निम्मी मुलं तिथेच अडकतात. सेकिरो संपवला म्हणजे कुठल्या क्षणी काय करायचं हे तुझ्या बोटांना कळलं. छान आहे. पण स्टुडिओ पगार देतो तो वेगळ्या गोष्टीचा. समोरच्या अनोळखी माणसाने न सांगता तसंच वागावं, यासाठी काय मांडून ठेवायचं, हे तुला यायला हवं.

एकच प्रसंग घे. खेळाडूचा जीव संपत आलाय, तो घाबरलाय. आता तो काय करेल?

२००१च्या 'हेलो'मध्ये ढाल थोडा वेळ मार चुकवला की आपोआप भरते. २००६च्या 'गिअर्स ऑफ वॉर'मध्ये भिंतीआड लपणं हाच खेळाचा कणा. त्यानंतर कितीतरी नेमबाजीच्या खेळांनी हे दोन्ही उचललं, आणि घाबरलेला खेळाडू काय शिकला? मागे जा, आडोशाला बस, स्क्रीनवरचा लाल रंग उतरेपर्यंत थांब. मग २०१६चा 'डूम' आला. त्यात जीव आपोआप भरत नाही. शत्रूला अर्धमेला केलास की तो लडखडतो, चमकतो, आणि जवळ जाऊन त्याला हातांनी संपवलंस की त्याच्यातून जीव बाहेर पडतो. म्हणजे औषध शत्रूच्याच खिशात. भीती तीच, पण पाय उलट्या दिशेला पळतात. २०२०च्या 'डूम इटर्नल'ने हेच आणखी ताणलं: गोळ्या संपल्या तर करवतीने काप, चिलखत हवंय तर आधी पेटव. काही जणांना ते फार शिस्तीचं वाटलं, मलाही थोडं वाटतं. सारखं कुणीतरी मागून ढकलतंय असं होतं. पण प्रत्येक अडचणीचं उत्तर 'पुढे जा' हेच असेल तर माणूस कसा खेळतो, हे पाहायला याहून स्वच्छ उदाहरण नाही.

आता तुझा ब्लडबोर्न. त्याच कंपनीच्या आधीच्या 'डार्क सोल्स'मध्ये लोक ढाल वर धरून शत्रूभोवती गोल गोल फिरायचे. २०१५ला ब्लडबोर्न करताना फ्रॉमसॉफ्टवेअरने ती ढालच जवळपास काढून घेतली. सुरुवातीच्या भागात जी लाकडी फळी मिळते, तिच्या वर्णनातच ढालीने माणूस निष्क्रिय होतो असा टोमणा आहे. आणि मार खाल्ल्यावर गेलेला जीव पट्टीवर काही क्षण नारिंगी दिसत राहतो. तेवढ्यात उलटा वार केलास तर त्यातला काही परत मिळतो. ट्रॉफी मिळवताना तू शंभरदा मार खाऊन शत्रूच्या अंगावर गेला असशील. तुला वाटलं तू धाडसी आहेस. त्या नारिंगी पट्टीने तुला धाडसी केलं होतं.

सेकिरो (२०१९) तर जुन्या सोल्सवाल्यांना रडवायलाच बनवल्यासारखा. तिथे शत्रूचा जीव कमी करण्यापेक्षा त्याचा तोल मोडणं महत्त्वाचं, आणि लांब गेलास की त्याचा तोल पुन्हा सावरतो. सोल्समध्ये मुरलेला खेळाडू सवयीने मागे उडी मारतो, दम घेतो, परत येतो, आणि तोल पहिल्यासारखा. शिवाय शत्रूचा जीव जितका कमी, तितका त्याचा तोल सावकाश सावरतो. म्हणजे आधी थोडे वार मारून ठेवायचे, मग चिकटून राहायचं. सूचना वाचल्या नाहीत तरी हे बहुतेकांना बोटांनी कळतं. ते का कळतं, हे तू मला दोन परिच्छेदांत लिहून दाखवलंस तर ट्रॉफीपेक्षा मला त्याचं जास्त कौतुक.

आता फ्रेमकडे. टेस्टर आहेस म्हणून इथे तुझी बाजू भक्कम. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, दाखवणाऱ्या खेळात एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. डोळ्यांनी काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे बारा ते पंधरा फ्रेम. टीव्ही आणि कंट्रोलरची दिरंगाई धरली तर आणखी काही. शत्रूने हात उगारल्यापासून वार लागेपर्यंत तू दहा फ्रेम दिल्यास तर तो वार बघून चुकवणं शक्यच नाही. अंदाज बांधूनच चुकवावा लागेल. तीस दिल्यास तर बघून, ओळखून, कुठल्या बाजूला जायचं ते ठरवून चुकवता येतो. मधल्या आकड्यांत सगळी गंमत आहे. तोच शत्रू, तेच चित्र, तोच आवाज. उगारण्याचा वेळ अठरावरून सव्वीस फ्रेमवर नेला की 'हा चीटिंग करतोय' म्हणणारा माणूस 'अरे, माझंच चुकलं' म्हणायला लागतो. आमच्याकडे टेस्टच्या दिवशी काचेपलीकडे उभं राहून मी हेच ऐकत असते. खेळाडू मेल्यावर कुणाला शिव्या घालतो: स्वतःला, शत्रूला की कंट्रोलरला? पहिलं असेल तर आकडे राहू दे.

हा भरवसा मोडायला फार लागत नाही. सोल्सच्या खेळांत लोळण घेताना काही फ्रेम अशा असतात की तलवार अंगातून आरपार गेली तरी लागत नाही. २०१४च्या 'डार्क सोल्स २'मध्ये त्या फ्रेम किती, हे पात्राच्या एका गुणावर अवलंबून ठेवलं. पडद्यावर लोळण तशीच दिसते, पण गुण कमी असेल तर वार लागतो. लोक आजही त्यावर भांडतात, आणि माझ्या मते बरोबर भांडतात. डोळ्यांनी जे शिकवलं ते नियमाने खोटं ठरवलं, तर खेळाडू शिकणं सोडतो.

तू कोल्हापूरकडचा आहेस म्हणून एक सांगते. तालमीत धोबीपछाड टाकायला पाठ फिरवली की अर्ध्यावर थांबता येत नाही, समोरच्याने ओळखलं तर तूच खाली. 'मॉन्स्टर हंटर'ची मोठी तलवार नेमकी अशी आहे. बटण दाबलं की तो वार पुरा होईपर्यंत तू बांधलेला. म्हणून तिथे लोक मारण्यापेक्षा बघण्यात जास्त वेळ घालवतात. उलट 'डेव्हिल मे क्राय'सारख्या खेळात बराचसा वार मध्येच तोडून दुसरा लावता येतो, आणि माणूस बघण्याऐवजी मिरवायला लागतो. शत्रूला हवेत झेलत ठेवण्याची ती कल्पनाही मुळात त्याच कॅपकॉम कंपनीच्या 'ओनिमुशा'तल्या एका बगमधून आली. 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) मधले कॉम्बोही आधी ठरवलेले नव्हते. गाडी फोडायच्या बोनस फेरीत एकावर एक वार बसतायत हे करणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते राहू दिलं. टेस्टर म्हणून तू अशा किती गोष्टी 'बग' म्हणून नोंदवून बंद करून घेतल्या असशील! यापुढे बंद करण्याआधी पाच मिनिटं खेळून बघ.

मुलाखतीचं विचारलंस. बहुतेक ठिकाणी आधी घरी करायचा पेपर देतात: अमुक प्रकारच्या खेळासाठी एक शत्रू सुचवा. मराठी, तमिळ, स्वीडिश, सगळी मुलं सारखंच करतात. दोन पानं शत्रूचा इतिहास, शाप, राजघराणं, आणि शेवटी सात हल्ल्यांची यादी. मग समोरचा लीड, म्हणजे डिझाइन टीमचा प्रमुख, शांतपणे विचारतो, 'तिसरा हल्ला येतो तेव्हा खेळाडूचा अंगठा कुठे असेल?' इथे खोलीत शांतता पसरते. मी ज्या उमेदवाराला सगळ्यात जास्त गुण दिले तिच्या शत्रूला दोनच हल्ले होते. एक जवळ राहिलास तर, एक लांब गेलास तर. आणि दोन्हींच्या मध्ये जी जागा उरते तिथे दुसरा, ढेकळासारखा मंद शत्रू आणून उभा केला होता. बस. पण खोलीत तू कुठे उभा राहशील हे ती आधीच सांगू शकत होती.

आता देशाचं. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना स्वीडनमध्ये २०११पासून फी लागते, आणि गेमच्या मास्टर्समध्ये प्रत्यक्ष कॉम्बॅट किती शिकवतात ते अभ्यासक्रम उघडून वाच. बरेच संशोधनाकडे झुकलेले असतात. इथले स्टुडिओ ज्या मुलांना थेट उचलतात त्यातली बरीच व्यावसायिक शाळांतून येतात, आणि तिथलं शिकवणं मुख्यतः स्वीडिशमध्ये चालतं. ऑफिसात मात्र इंग्रजीवर निभतं. वर्क परमिटसाठी नोव्हेंबर २०२३पासून पगाराची अट देशातल्या मधल्या (मीडियन) पगाराच्या ८० टक्क्यांना बांधली होती, आणि हे नियम इतके वेळा हलतात की माझ्यावर विसंबू नकोस, मायग्रेशन खात्याच्या साइटवर ताजा आकडा बघ. ज्युनिअर डिझायनरचा पगार त्या रेषेच्या आसपास लटकू शकतो, हे कर्ज काढण्याआधी घरी सांग.

दुसरं, हा धंदा सध्या आजारी आहे. स्वीडनच्याच एम्ब्रेसर या गेम कंपन्यांच्या समूहाने जून २०२३मध्ये पुनर्रचना जाहीर केली आणि त्यात स्टुडिओच्या स्टुडिओ बंद झाले. इथल्या कायद्यात, काही अपवाद सोडले तर, कपात करताना शेवटी आलेला आधी जातो. आणि शेवटी आलेला म्हणजे बहुतेक वेळा आपल्यासारखाच. नोकरी गेली की दुसरी शोधायला मोजकेच महिने मिळतात. मी घाबरवत नाही. वर्षाला किमान २५ दिवस हक्काची रजा, जुलैत अख्खं ऑफिस रिकामं, पुलापलीकडे कोपनहेगन, सगळं छान आहे. भाड्याचं घर मात्र ओळखीशिवाय मिळणं कठीण, पहिलं वर्ष दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून काढायची तयारी ठेव. थंडीपेक्षा माल्मोचा वारा जास्त छळतो, छत्री आणू नकोस.

पुण्याबद्दल तू जे लिहिलंस, 'इथे काही होत नाही', ते मला पटलं नाही. 'राजी' (२०२०) हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओने केला. किकस्टार्टर साइटवरची त्यांची लोकवर्गणीची मोहीम फसली होती, तरी केला. खांबाला गिरकी घेऊन किंवा भिंतीवर धावत जाऊन राजी वार करते, तो मजा देणारा विचार आहे. वार बसल्याचं वजन मला कमी वाटलं, विशेषतः गर्दीत. नेमकं काय कमी आहे ते शोधणं हा तुझ्यासाठी उत्तम अभ्यास: वार लागल्यावर दोन्ही पात्रं काही फ्रेम गोठतात का, शत्रू मागे ढकलला जातो का, आवाज कधी येतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम'चं नवं रूपही आधी युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं, २०२२मध्ये ते माँट्रियलला गेलं. २००३चा मूळ खेळ मिळाला तर खेळ. खंजिराने शत्रूतली वाळू ओढून घ्यायची आणि तीच वाळू वापरून काळ मागे फिरवायचा. म्हणजे चांगलं लढलास तर पुढच्या उडीत चुकायची मुभा मिळते. इतक्या वर्षांनीही लढाई आणि उड्या एकमेकींना इतक्या नीट बांधलेल्या फार कमी ठिकाणी दिसतात.

तर कर्जाच्या फॉर्मआधी हे कर. अनरिअल या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करड्या ठोकळ्यांची एक खोली, तीन शत्रू, एक शस्त्र. कथा नको, मॉडेल नको, विकत घेतलेली अ‍ॅनिमेशनं चालतील. ऑफिसातल्या ज्यांना हा प्रकार अजिबात आवडत नाही अशा दोघातिघांना खेळायला दे, आणि तोंड बंद ठेवून त्यांच्या हातांचा व्हिडिओ काढ. मग एकच आकडा बदल, पुन्हा खेळव. बदलण्याआधी ते काय करत होते आणि नंतर काय करायला लागले, हे शेजारी शेजारी लावलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे तुझा पोर्टफोलिओ. मास्टर्स करायची की सरळ अर्ज करायचे, ते तो बघून ठरवू.

शरद सत्राच्या अर्जांची मुदत साधारण जानेवारीच्या मध्याला संपते. दिवाळीपर्यंत व्हिडिओ पाठवलास तर मी वेळ काढून बघेन, आमच्या लीडलाही दाखवेन. पार्श्वसंगीत लावू नकोस, वार बसल्याचा आवाज ऐकू यायला हवा.