फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कमधले शिमग्याचे फोटो परत मिळतील का?
बहुतेक मिळतील, पण ती डिस्क आत्ताच काढून ठेवा आणि तिच्यावर एकही फाईल टाकू नका. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त फाईलींची यादी पुसली जाते, फोटो जागेवरच असतात. त्यांच्यावर नवीन काही लिहिलं गेलं की संपलं. फुल फॉरमॅट केलं असेल तर आशा सोडा, विंडोज व्हिस्टापासून त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात. एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क असेल तरी कठीणच, कारण ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा आपोआप रिकामी करते.

पुसलेले फोटो शोधून काढणारं फोटोरेक हे सॉफ्टवेअर मोफत आहे. सापडलेलं मात्र दुसऱ्या डिस्कवरच साठवा. गुहागरच्या आमच्या पालखीचे फोटो मी असेच परत मिळवले. फाईलींच्या नावांच्या जागी नुसते आकडे आले, पण खांद्यावर नाचणारी पालखी आणि ढोलावरचा गुलाल जसाच्या तसा! डिस्क टकटक वाजत असेल तर स्वतः काही करू नका, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.