अरब की अरबी?

प्रश्न असा आहे : 'ग्राफिक मेमॉयर'वरच्या (चित्रांतून सांगितलेल्या आठवणींवरच्या) लेखात मी 'एका अरबी मुलाच्या आठवणी' असं लिहिलं, मुद्रितशोधनात त्याचं 'अरब मुलाच्या' झालं. 'मराठी मुलगा', 'बंगाली मुलगा' चालतो, मग अरबीनं काय घोडं मारलंय?

घोडं म्हणाल तर ते अरबीच. समुद्र, लिपी, भाषा, सगळं अरबी. माणूस मात्र अरब. बडोद्याच्या गायकवाडांच्या पदरी अरबांची शिबंदी होती, 'अरब्यांची' नव्हे. मराठीचं वेगळं झालं. 'मराठा' हे नाम जातीकडे सरकलं आणि भाषेचं विशेषणच माणसाला चिकटलं. अरबांवर ती वेळ आली नाही.

तुम्ही ज्याच्याबद्दल लिहिलंय त्या रियाद सतूफ या फ्रेंच-सीरियन चित्रकाराच्या, स्वतःच्या बालपणावरच्या मालिकेवरच हा फरक तपासून बघा. 2014 ते 2022 या काळात तिचे सहा भाग फ्रेंचमध्ये आले. 'लाराब द्यू फ्युत्यूर' (उद्याचा अरब) या नावात 'आराब' हा शब्द आहे. फ्रेंचमध्ये माणूस, भाषा आणि विशेषण तिन्हींना तो एकच पुरतो. मराठीत 'उद्याचा अरब' म्हटलं की माणूस उभा राहतो. 'उद्याची अरबी' म्हटलं की व्याकरणाचा तास सुरू होतो. आणि इथे माणूसच हवा, कारण हे नाव बापाच्या स्वप्नातून आलंय : उद्याचा अरब शिकलेला असेल.

गंमत पुढेच आहे. बाप सीरियन, आई फ्रेंच, पोराचे केस सोनेरी. होम्सजवळच्या बापाच्या गावी चुलतभावंडं त्याला 'यहुदी' म्हणून हिणवतात. म्हणजे तो अरब आहे की नाही हाच तंटा. (चित्रांत लिबिया पिवळा, सीरिया गुलाबी, फ्रान्स निळा. मुलाला मात्र असा एक रंग मिळत नाही.) तिथे 'अरबी मुलगा' लिहिलंत तर वाद ओळखीचा आहे हेच पुसट होतं.

तुमच्या लेखातली एक गोष्ट मात्र शोधकाच्या नजरेतून सुटली. 'पर्सेपोलिस' अरबांच्या यादीत बसत नाही. त्या चित्रमय आत्मकथनाची लेखिका मर्जान सात्रापी इराणी, मातृभाषा फारसी. 'अरब' आणि 'मुसलमान' हेही समानार्थी नव्हेत. लेबनॉनमध्ये ख्रिस्ती अरब भरपूर आहेत. हा काथ्याकूट वाटेल, पण 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, 15 सप्टेंबर 2001 रोजी अमेरिकेत ॲरिझोनातल्या मेसा गावी पेट्रोल पंप चालवणाऱ्या बलबीरसिंग सोढींना गोळी घातली गेली, ती पगडी-दाढीवरून त्यांना अरब समजून. ते शीख होते.

'ग्राफिक मेमॉयर'ला 'चित्रकादंबरी' नको, कादंबरी म्हटलं की कल्पित आलं. मी 'चित्रमय आत्मकथन' लिहितो. लांबट आहे, कबूल.

आणि स्त्रीलिंगाला अडू नका : अरब मुलगा, अरब मुलगी, अरब बायका. विशेषण म्हणून वापरताना 'अरब' बदलत नाही.