येऊरच्या सागाच्या बुंध्यावरून १९७२ चा दुष्काळ ओळखता येईल का?

तुम्ही ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पडलेल्या सागाच्या बुंध्याचा फोटो टाकून विचारलंय, की मधली दाट वर्तुळं म्हणजे १९७२ चा दुष्काळ का. (साधारण वर्षाला एक वर्तुळ, वाढ कमी झाली की ते अरुंद.) एकट्या बुंध्यावरून हे कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर ऐकून सोडून द्या.

झाड मात्र कामाचं आहे. आमची ठाण्यात लाकडाची वखार होती, सागाचे काप बघतच वाढलो. आंबा-जांभूळ बारमाही हिरवे, त्यांची वर्तुळं धड दिसत नाहीत. साग उन्हाळ्याआधी पानं गाळून गप्प बसतो आणि पुन्हा वाढायला लागला की आधी मोठ्या पोकळ नळ्या घडवतो. काप पॉलिश पेपरने घासा, पाण्याचा हात फिरवा, भिंग धरा. टाचणीने टोचल्यासारखी भोकांची ओळ दिसेल. तिथे नवं वर्ष सुरू. (गडद गाभ्याची कडा म्हणजे वर्षाची रेघ नव्हे, तिथे पुष्कळजण फसतात.)

आता सालीकडून आत मोजत जा. गोची इथेच आहे. पावसाने मध्येच दडी मारली आणि तो परत आला, तर एकाच वर्षात दोन वर्तुळं उमटू शकतात. फार वाईट वर्षी एखाद्या बाजूला उमटतच नाही. दोन-तीन वर्षांची चूक झाली की १९७२ कुठल्या कुठे. म्हणून अभ्यासक पोकळ गिरमिटाने बऱ्याच झाडांतून पेन्सिलीहून बारीक कांड्या काढतात आणि रुंद-अरुंद वर्तुळांचा क्रम एकमेकांशी जुळवतात. ही पद्धत बसवणारा अमेरिकेतला डग्लस मुळात खगोलशास्त्रज्ञ, सूर्यावरच्या डागांच्या मागे लागलेला!

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने सागावर बरंच काम केलंय, १९८० च्या दशकात ठाणे भागातल्या सागावरही. सागाच्या वाढीत नुसत्या पावसाच्या आकड्याइतकीच मातीतली ओल बोलते. आपल्याकडे धो-धो पडून सगळं खाडीला जातं, त्यामुळे आकडा मोठा असूनही झाड तहानलेलं राहू शकतं.

शिवाय पावसाळ्यात सागाची पानं जाळीसारखी झालेली पाहिली असतील. ती खाणाऱ्या अळ्यांनीही वर्तुळ बारीक होऊ शकतं. उलट शेजारचं झाड पडून ऊन मिळालं की रुंद.

तो तुकडा घरी आणू नका, वन विभागाची परवानगी लागते. सालीपासून मध्यापर्यंत पट्टी ठेवून जवळून फोटो काढा, मग मोजून बघू.