आधी शब्द शोध, मग करिअर

प्रश्न : मला नकाशे, नद्या आणि उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रं पाहायला फार आवडतं. पदवीला काय घ्यावं हे ठरवण्यासाठी महिनाभर रोज रात्री दोन तास गूगलवर शोधतेय. ‘भूगोलाची आवड असणाऱ्यांसाठी सर्वोत्तम करिअर’ असं टाकलं की त्याच ‘टॉप टेन’ याद्या येतात, त्याच कोर्सच्या जाहिराती येतात आणि पगाराचा आकडा दर ठिकाणी वेगळा असतो. नीट कसं शोधू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझे कष्ट कमी पडलेले नाहीत, शब्द चुकलेत. नद्यांवर काम करणारा माणूस आपल्या अहवालात ‘सर्वोत्तम करिअर’ असं कशाला लिहील? ते शब्द कोर्स विकणारे लिहितात, म्हणून तुला तेच भेटतात. सर्च इंजिन आधीच गोळा केलेल्या पानांच्या एका प्रचंड सूचीत शोधतं. हल्ली त्याला समानार्थी शब्दही बरेच कळतात, पण तुझ्या शब्दांचा रोख जिकडे असेल तिकडेच ते तुला नेतं.

म्हणून शोधण्याआधी स्वतःला विचार : माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणी, कोणत्या कामासाठी, कोणत्या शब्दांत लिहून ठेवलं असेल?

पहिले दोन दिवस उत्तर शोधूच नकोस, फक्त शब्द गोळा कर. नदीचा अभ्यास, उपग्रहाची छायाचित्रं यांवरचे दोन-तीन विश्वकोशातले लेख वाच. त्यात हायड्रॉलॉजी (पाण्याचा अभ्यास), रिमोट सेन्सिंग (उपग्रह किंवा विमानातून दुरून घेतलेल्या माहितीचा अभ्यास), जीआयएस (नकाशावर माहिती मांडून तिचा अभ्यास करणारी संगणकप्रणाली), जिओइन्फर्मेटिक्स (अशा भौगोलिक माहितीचं संगणकशास्त्र) असे शब्द भेटतील. ते वहीत उतरव आणि पुढचा शोध त्यांनीच घे, मराठीत आणि इंग्रजीतही. पानं एकदम बदललेली दिसतील.

मग गाळणी लाव. दोन-तीन शब्द सलग, आहेत तसेच हवे असतील तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत टाक. नको असलेल्या शब्दाच्या आधी, मध्ये जागा न सोडता, वजाचं चिन्ह दे. इंग्रजीत ‘साइट’ आणि कोलन टाइप करून, त्याला चिकटून एखाद्या विद्यापीठाचा पत्ता लिहिलास की फक्त तिथलीच पानं येतात. तसंच ‘फाइलटाइप’, कोलन आणि ‘पीडीएफ’ लिहिलं की पीडीएफ कागदपत्रं समोर येतात. अभ्यासक्रम आणि वार्षिक अहवाल बहुतेक अशाच रूपात असतात. लांबलचक पानात हवा तो शब्द गाठायला कंट्रोल आणि एफ दाब. एवढं पुरे. बाकीच्या युक्त्या गरज पडेल तशा येतील.

माझा सगळ्यात जास्त विश्वास नोकरीच्या जाहिरातींवर आहे. तिथे कंपनीला माणूस खरोखर हवा असतो, त्यामुळे काय यायला हवं ते ती स्पष्ट सांगते. जीआयएसच्या वीस जाहिराती वाच आणि पदवी कोणती, सॉफ्टवेअर कोणतं, अनुभव किती याचे तीन रकाने भर. क्यूजीआयएस आणि आर्कजीआयएस ही नकाशाची सॉफ्टवेअर आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, ही नावं पुन्हा पुन्हा येतील. क्यूजीआयएस मोफत मिळतं. ते उतरवून घे आणि स्वतः एक नकाशा करून बघ. हे काम आपल्याला जमतं का, रुचतं का, हे त्या एका दुपारी जितकं कळेल तितकं कुठल्याच यादीतून कळणार नाही.

पगाराचंही असंच. जाहिरातीत लिहिलेला पगार कोणीतरी द्यायला तयार असतो. यादीतला ‘सरासरी’ आकडा कुठून आला ते दिलेलं नसेल तर तो वहीत घेऊ नकोस.

पान वर आलं म्हणजे ते खरं, असंही समजू नकोस. लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन यांनी 1998 मध्ये गूगल सुरू केलं, तेव्हा त्यांची मूळ कल्पना अशी होती की ज्या पानाला इतर महत्त्वाची पानं जोडलेली असतात ते वर यावं. आज क्रम ठरवताना आणखी पुष्कळ गोष्टी धरल्या जातात, आणि वर येण्यासाठी मुद्दाम पानं लिहिणारेही पुष्कळ आहेत. सर्वांत वर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं त्या सरळसरळ जाहिराती. एआयने दिलेला सारांशही चुकू शकतो, म्हणून त्याखालचं मूळ पान उघडच.

स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 10 इतिहासतज्ज्ञ, 10 तथ्यतपासनीस आणि 25 विद्यार्थी वेबसाइटची विश्वासार्हता कशी तपासतात ते पाहिलं. तथ्यतपासनीस सरस ठरले. बाकीचे बरेच जण त्याच पानावर रेंगाळत राहिले, तथ्यतपासनीसांनी मात्र लगेच नवा टॅब उघडून त्या साइटबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं. एखाद्या संस्थेचं चकचकीत पान आवडलं की तूही तेच कर. संस्थेचं नाव टाक, पुढे वजाचं चिन्ह देऊन त्याला चिकटून ‘साइट’, कोलन आणि तिच्या स्वतःच्या साइटचा पत्ता लिही, म्हणजे तिची स्वतःची पानं वगळली जातील.

तारीख मात्र दर वेळी बघ. एका मुलाला मी प्रवेशाची पात्रता जुन्या पानावरून सांगितली होती. नियम बदलले होते आणि त्याची अर्जाची मुदत हुकली. ती हळहळ अजून गेलेली नाही. पात्रता, शुल्क, मुदत या तीन गोष्टी फक्त प्रवेश देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकातूनच घे.

वीस जाहिरातींची वही भरली की मला पुन्हा लिही. आपण ते रकाने समोर ठेवून पदवीचं बोलू.