कोकणातल्या हवेत टर्नटेबल टिकतं का? आणि जॅझ ऐकायला सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीला नवं स्लॅबचं घर झालंय, हाताशी साठेक हजार रुपये आहेत, बोटीवर नोकरीला असलेल्या काकांच्या ट्रंकेत चाळीसभर रेकॉर्डी सापडल्यात, आणि मोबाइलवर ऐकता ऐकता जॅझची गोडी लागलीय. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्डी वाजवायचं यंत्र, घ्यावं, की आपल्या दमट हवेत पैसे वाया जातील?

टिकतं. वेंगुर्ल्यात माझं टर्नटेबल अकरा पावसाळे काढून अजून फिरतंय. तरी सगळे पैसे त्यात घालू नका. निम्म्याहून जास्त स्पीकर आणि अँप्लिफायरला ठेवा, आणि त्याही आधी तुमच्या हॉलमध्ये मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. स्लॅब, टाइल्स आणि काचेच्या खिडक्या असतील तर टाळी झणझणत परत येईल. जॅझमध्ये ड्रमवाला झांजेवर जी बारीक ठेक्याची वीण विणत असतो, तिचा अशा खोलीत नुसता चुरा होतो. आमचं जुनं माजघर जांभ्याचं, वर उतरती कौलं. खडबडीत भिंतीवर आवाज विखुरतो, त्यामुळे साधे स्पीकरही तिथे बरे वाजतात. (पावसाची सर आली की कौलांवरच ड्रम सुरू होतो, तेव्हा मी रेकॉर्ड बंद करून चहा टाकतो.) तुम्ही जाड सतरंजी घाला, पडदे लावा, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट ठेवा आणि स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा. हे सगळं पाच हजारांत होतं आणि वीस हजारांचा फरक पडतो.

जुने स्पीकर घेत असाल तर आतल्या थरथरणाऱ्या शंकूभोवतीची कड बघा. ती फोमची असेल तर आपल्या हवेत काही वर्षांत भुगा होऊन बोटाला लागते. रबराची कड टिकते.

टर्नटेबलमध्ये एकच गोष्ट टाळा, ती म्हणजे सुटकेससारखी दिसणारी स्वस्त यंत्रं. त्यांची सुई खोबणीवर फार भार टाकते. चांगल्या यंत्राच्या हातावर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यावर, तो भार दोनेक ग्रॅम असतो आणि वजन फिरवून नेमका लावता येतो. अँप्लिफायरला ‘फोनो’ असा वेगळा खटका आहे का तेही बघा. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो, तो तिथे भरून निघतो. खटका नसेल तर त्यासाठी छोटी डबी वेगळी मिळते. आणि लाइट गेल्यावर स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर काही लावू नका, गाण्याआधी गुणगुणच ऐकू येईल.

आता बुरशी. खरा शत्रू तोच. प्लास्टिकच्या रेकॉर्डला दमटपणाने काही होत नाही. बुरशी धरते ती खोबणीतल्या धुळीवर, बोटांच्या तेलावर आणि पुठ्ठ्याच्या कव्हरवर. रेकॉर्डी उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नको. कपाटात खालच्या कप्प्यात जुना पिवळा झिरोचा बल्ब जळता ठेवला की चार महिने आतली हवा कोरडी राहते. रेकॉर्डींपासून तो लांब हवा, नाहीतर त्या पापडासारख्या वाकतील. एलईडीचा उपयोग नाही, तो तापतच नाही.

काकांची ट्रंक उघडल्या उघडल्या काही वाजवू नका. आधी जाड, जड आणि ठिसूळ तबकड्या वेगळ्या काढा, लेबलवर 78 (मिनिटाला फेरे) लिहिलेलं असेल. त्या लाखेच्या असतात, त्यांची खोबण रुंद असते आणि त्यांना सुई वेगळी लागते. एलपीची, म्हणजे प्लास्टिकच्या रेकॉर्डींची, बारीक सुई तळाला टेकून नुसती खरखरते. मी माझ्याकडची अशी एक गोव्याकडच्या बँडची तबकडी फार प्रेमाने स्पिरिटने पुसली होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे सुतारालाही ठाऊक असतं, माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. फडक्यावर काळा रंग उतरला आणि बँड कायमचा गेला. एलपीला बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, थेंबभर साबण आणि खोबणीच्या दिशेने फिरवलेलं मऊ फडकं पुरतं.

आता ऐकण्याचं. तुम्ही कधी डबलबारीला, म्हणजे दोन भजनीबुवांच्या सामन्याला, रात्रभर बसला असाल तर जॅझ तुम्हाला निम्मा येतोच. सुरुवात सॉनी रोलिन्सच्या ‘टेनर मॅडनेस’पासून करा, 1956 ची. पहिल्याच बारा मिनिटांच्या तुकड्यात रोलिन्स आणि जॉन कोल्ट्रेन, दोघांचा टेनर सॅक्सोफोन समोरासमोर आहे, आणि दोघांचं एकत्र असं ध्वनिमुद्रण एवढंच. आधी कोल्ट्रेन वाजवतो, मग रोलिन्स, आणि पुढे दोघे एकमेकांच्या तोंडातला शब्द काढून घेतात. आमच्या शेजारी एक पखवाजवाले आहेत, भजनात आयुष्य गेलं. त्यांना कुणाचं नाव न सांगता ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “पयलो बुवा तापट, दुसरो बेरकी.” याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. हा बेरकी बुवा, म्हणजे रोलिन्स, पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस पवईच्या एका आश्रमात येऊन राहिला होता, आणि 1978 ला मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव पहिल्यांदा भरला तेव्हा वाजवायलाही आला.

दुसरी ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’. ती सगळेच सांगतात, मीही सांगतो, पण माझं कारण वेगळं आहे. माझी प्रत फोर्टच्या फुटपाथवर घेतलेली, जुनी. एकदा सहज पेटी घेऊन सोबत बसलो. ‘सो व्हॉट’ हा पहिला तुकडा पांढरी दोनचा; मधे आठ बार (आवर्तनं म्हणा) सगळेच काळी दोनवर चढतात आणि परत उतरतात, ते बोटाखाली सापडतं म्हणून फार मजा येते. पण सूर जुळेना. रेकॉर्ड पेटीपेक्षा जराशी चढी. टर्नटेबलचा पट्टा सैल झाला असेल म्हणून नवा मागवला. मोटरचा स्क्रू पिळला. मग उलटी बाजू लावली, तर ‘ऑल ब्लूज’ पांढरी पाचचा, आणि आता तो उतरलेला! स्क्रू परत होता तिथे आणला तेव्हा दुसरी बाजू पेटीला चिकटली आणि पहिली पुन्हा चढी. आठवडाभर मी त्या यंत्राला शिव्या घालत होतो.

दोष यंत्राचा नव्हताच. 2 मार्च 1959 ला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे मुद्रित झाले, तेव्हा मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू भरलेली टेप बरोबर वेगाने वाजवली की सूर चढतो. दुसरी बाजू 22 एप्रिलची, ती ठीक आहे. 2 मार्चला शेजारी दुसरं मशीनही चालू होतं, त्याच्या टेपवरून 1990 च्या दशकातल्या आवृत्त्यांत हे दुरुस्त केलं. तेव्हा तुम्ही नवी प्रत घ्या, आणि पेटी असेल तर जवळ ठेवा.

तिसरी रात्री साडेदहानंतर: पियानोवाल्या बिल इव्हान्सची ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’. 25 जून 1961, तळघरातला क्लब, पियानो, बास आणि ड्रम. ग्लासांचा किणकिणाट आणि लोकांची कुजबुज तशीच राहिलीय. स्पीकर नीट लागलेत का हे मी याच रेकॉर्डवर ठरवतो. टेबलं बासवाल्याच्या मागे-पुढे दिसायला लागली की झालं. बासवाला स्कॉट लाफारो, वय पंचवीस, अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला.

हे तिन्ही आधी मोबाइलवरच ऐका, तार लावून अँप्लिफायरला जोडा. गणपती झाल्यावर हवा कोरडी होऊ लागते, टर्नटेबल तेव्हा आणा.

आणि त्या ट्रंकेतल्या लेबलांचे फोटो टाका. बोटीवरची माणसं मुंबईच्या बंदरात काय काय विकत घ्यायची याचा नेम नसे. गोव्यातल्या हळदोण्याचा एक ट्रम्पेटवाला होता, आपला शेजारीच म्हणायचा, पुढे सी. रामचंद्रांच्या गाण्यांत वाजवायचा. लेबलवर कुठे त्याचं ‘चिक चॉकलेट’ हे नाव दिसलं तर ती तबकडी कुणालाही देऊ नका. पुसायला स्पिरिट तर मुळीच घेऊ नका.