अपडेट अर्धवट राहिलं आणि बोर्ड गेला : खर्च कोणाचा?

प्रश्न : मी मिरजेत घरातूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. १४ महिन्यांपूर्वी जोडून घेतलेला डेस्कटॉप सारखा अडकायचा, म्हणून मदरबोर्डच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. त्यांनी बायोस (कॉम्प्युटर सुरू करून देणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) अपडेट करायला सांगून ईमेलने लिंक पाठवली. अपडेट चालू असतानाच वीज गेली. आता पंखे फिरतात, पण मॉनिटरवर काहीच येत नाही. बोर्डाला ३ वर्षांची वॉरंटी आहे, तरी सर्व्हिस सेंटर म्हणतं, ‘अपडेट तुम्ही केलं, नवा बोर्ड ९,५०० रुपये.’ बिल डीटीपी सेंटरच्या नावावर आहे. दावा कंपनीवर लावू की वीज कंपनीवर?

उत्तर : ताई, वीज कंपनीचा विषय सोडून द्या. वीज जाणं आणि बोर्ड बंद पडणं यांचा संबंध जोडता येईल, पण नुकसानभरपाई वसूल करणं फार लांबचं. तुमचं भांडण बोर्डाच्या कंपनीशी आहे आणि ते एकाच कागदावर उभं आहे : लिंक पाठवलेला तो ईमेल.

अपडेट तुम्ही हौसेने केलं असतं, तर मी तुम्हाला पैसे भरून मोकळं व्हायला सांगितलं असतं. फसलेलं अपडेट वॉरंटीत बसत नाही असं बऱ्याच कंपन्या छापतात आणि ते सरसकट गैर नाही. पण इथे वॉरंटीत तक्रार नोंदवल्यावर उपाय म्हणून कंपनीनेच अपडेट सुचवलं. ती त्यांची सेवाच झाली. त्या ईमेलमध्ये यूपीएस लावा, वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, असं काही लिहिलंय का? नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) खाली सेवेतील त्रुटी मांडता येते. लिहिलेलं असेल तर तुमची बाजू लंगडी पडते, हेही आताच सांगतो. मेल आजच छापून ठेवा, मूळ मेल पुसू नका. फोनची तारीख-वेळ कॉलच्या यादीतून टिपून घ्या.

कोणी ‘उत्पादन दायित्वाचा’, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचा, दावा लावायला सांगेल. त्यात खाच आहे. कलम २(२२) मधल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं नुकसान वगळलेलं आहे. बोर्डाने दुसरं काही जाळलं असतं तर गोष्ट वेगळी. म्हणून तक्रार सेवेतील त्रुटीचीच करा.

आता तांत्रिक भाग, कारण कंपनीची खरी अडचण तिथे आहे. बायोस बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये असतो. तो अर्धवट लिहिला गेला म्हणजे बोर्ड मेला असं नव्हे. पुष्कळ बोर्डांवर फ्लॅशबॅकचं बटण असतं : पेनड्राइव्हवर योग्य फाइल ठेवून ते दाबलं की बायोस पुन्हा लिहिला जातो, प्रोसेसर बसवलेला नसला तरी. काहींवर दुसरी राखीव चिप असते. तेही नसेल तर प्रोग्रामर नावाचं उपकरण लावून चिप नव्याने लिहिता येते. तुमच्या बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत अशी सोय दिली असेल, तर ते पान तक्रारीला जोडा. अपडेट मध्येच तुटू शकतं हे कंपनीला ठाऊक होतं, हे त्यावरून दिसतं, आणि मग थेट नवा बोर्ड का, हा प्रश्न त्यांच्यावर उलटतो. सर्व्हिस सेंटरकडून जॉबशीटवर लेखी घ्या : काय तपासलं, बायोस पुन्हा लिहून पाहिला का, नकार कोणत्या अटीखाली.

गल्लीतला कारागीर ते काम थोडक्या पैशांत करेल, हे मलाही माहीत आहे. पण त्याने बोर्डाला हात लावला की कंपनीला निमित्त मिळतं. लग्नसराईची कामं अडली असतील आणि ९,५०० रुपयांसाठी भांडायची इच्छा नसेल, तर खुशाल त्याच्याकडे जा. मात्र त्यानंतर माझ्याकडे येऊ नका.

बिल सेंटरच्या नावावर म्हणून ‘हा व्यापारी वापर, तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप नक्की येईल. कलम २(७) चं स्पष्टीकरण पाहा : केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. सेंटर तुमच्या एकटीच्या हातावर चालतं, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बऱ्याच कंपन्या तिथेच नरमतात. नाही तर १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि मग सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता तिथे तक्रार चालते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ऑनलाइनही दाखल करता येते, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. वकीलही लागत नाही, हे माझ्याच पोटावर पाय आणून सांगतो. निकाल ३ महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर ५ महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात थोडा धीर धरा. बुडालेल्या कामांची भरपाई मागताना रद्द झालेल्या ऑर्डरींचे पुरावे जोडा. नुसता ५० हजारांचा आकडा टाकलात तर बाकीच्या मागणीवरचाही विश्वास उडतो.

फाइलींची काळजी नको, त्या डिस्कवर आहेत. मशीन जमा करताना डिस्क काढून घ्या. बोर्ड बदलल्यावर विंडोजने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर असं होतं. बहुतेक वेळा ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.